सा कुणाचा? सात स्वरांची ओळख



मिस्सामध्ये प्रवेशगीत सुरू होते. आरंभी सारे गातात. चाल उंच गेली, की मागच्या बाकांवरचे आवाज थांबतात आणि गायनवृंदच तेवढा गात राहतो. लोकांना गाण्याची हौस नसते असे नाही. पुष्कळदा 'सा' फार वरच्या पट्टीत लावलेला असतो. हे कळण्यासाठी भारतीय संगीतातील स्वरांची ओळख करून घेऊ या.

षड्ज, ऋषभ, गंधार, मध्यम, पंचम, धैवत आणि निषाद ही सात स्वरांची नावे. गाताना आपण सा, रे, ग, म, प, ध, नी म्हणतो. सा आणि प हे अचल स्वर. त्यांना कोमल वा तीव्र रूप नाही. रे, ग, ध, नी आपल्या जागेवरून खाली उतरले, की कोमल होतात. म वर चढला, की तीव्र होतो. सात शुद्ध, चार कोमल आणि एक तीव्र असे एकूण 12 स्वर झाले.

पेटीवर हे डोळ्यांनी पाहता येते. 'पांढरी एक' हा सा धरला, तर सातही शुद्ध स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात. चार कोमल आणि तीव्र म काळ्या पट्ट्यांवर. परंतु सा एकाच पट्टीला बांधलेला नाही. कोणतीही पट्टी सा मानता येते. तो एकदा ठरला, की बाकीचे स्वर त्याच्यापासूनच्या अंतराने ठरतात. म्हणूनच सा खाली आणला तरी चाल तीच राहते.

एकटा गायक आपल्या गळ्याप्रमाणे सा निवडतो. मिस्सामध्ये मात्र गळा साऱ्या मंडळीचा असतो. 1963 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीच्या संविधानात भाविकांच्या गायनाला उत्तेजन द्यावे आणि लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य स्थान द्यावे, असे सांगितले आहे.

तेव्हा सरावाच्या वेळी गीतातील सर्वांत उंच आणि सर्वांत खालचा स्वर आधी गाऊन पाहावा. उंच स्वराला गळा ताणावा लागला, तर सा एक-दोन पट्ट्या खाली घ्यावा. आपणही घरी रोज पाच मिनिटे पेटीवर सा धरून सातही स्वर चढत-उतरत सावकाश म्हणावेत. मागच्या बाकावरच्या आजीलाही गाता येईल, तोच आपल्या मंडळीचा सा.