वनचरांची वाट

वसई म्हटले की चिमाजी आप्पांनी १७३९ साली जिंकलेला किल्ला, केळीच्या बागा, फुलांच्या वाड्या आणि मिठागरे डोळ्यांपुढे उभी राहतात. हे झाले पश्चिमेकडील वसईचे रूप. पूर्वेकडे वळून पाहिले, तर लोहमार्गाच्या पलीकडे एक निळसर डोंगर आडवा पसरलेला दिसतो. तो तुंगारेश्वर. साग, ऐन, खैर, पळस आणि बांबू यांच्या रानाने हा डोंगर झाकलेला आहे. बिबट्या, भेकर, रानडुक्कर, नाना जातींचे साप व पक्षी यांचे ते घर आहे. २००३ साली शासनाने तेथील सुमारे ८५ चौरस किलोमीटर वनाला अभयारण्याचा दर्जा दिला.

या डोंगराच्या पायथ्याशी मुंबई-अहमदाबाद महामार्ग आहे. पूर्वी त्याचा क्रमांक ८ होता. आता तो ४८ या क्रमांकाने ओळखला जातो. रात्रंदिवस त्यावर वाहनांची रांग तुटत नाही. कारखान्यांचा माल, भाजीपाला, दूध, प्रवासी, रुग्ण, सारे याच मार्गाने वेळेवर पोहोचतात. रस्त्यामुळे गावे जवळ आली, व्यापार वाढला, हे कोणीही मान्य करील. परंतु जो रस्ता माणसांना जोडतो, तोच वनचरांची ताटातूट करतो.

वनातील प्राणी एका जागी बसून राहत नाहीत. उन्हाळ्यात झरे आटले की त्यांना पाण्याच्या शोधात निघावे लागते. वयात आलेला नर बिबट्या आपल्यासाठी स्वतंत्र मुलूख शोधू लागतो. दूरच्या रानातील जोडीदार मिळाला, तरच प्राण्यांची पुढील पिढी सुदृढ निपजते. लहानशा रानात कोंडून पडलेले कूळ हळूहळू दुबळे होत जाते. तुंगारेश्वरच्या ईशान्येस तानसा अभयारण्य आहे आणि दक्षिणेस वसईच्या खाडीपलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. या तीन रानांमधील वनचरांच्या वाटा फार जुन्या आहेत. आज त्या वाटांवर महामार्ग, चिंचोटी-भिवंडी रस्ता, वसई-दिवा लोहमार्ग, कारखाने आणि वस्त्या उभ्या आहेत.

अशा वाटेने चालून गेलेल्या एका बिबट्याची हकिगत महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. २००९ सालच्या उन्हाळ्यात अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे एक बिबट्या विहिरीत पडला. वन विभागाने त्याला सुखरूप बाहेर काढले. त्याच्या शांत स्वभावामुळे त्याला ‘आजोबा’ असे नाव मिळाले. वन्यजीवांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांचे सहकारी यांनी त्याच्या गळ्यात एक पट्टा बांधला. हा पट्टा उपग्रहांच्या साहाय्याने त्याचा ठावठिकाणा कळवीत असे. मग त्याला माळशेज घाटात सोडून देण्यात आले.

आजोबा तेथे थांबला नाही. तो पश्चिमेकडे चालू लागला. दिवसा झुडपांत दडावे आणि रात्री वाट चालावी, असा त्याचा क्रम होता. त्याने मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला. कसारा स्थानकाजवळून तो लोहमार्ग पार करून गेला. वसईच्या कारखान्यांच्या भागातून तो खाडीपाशी आला आणि पोहून पैलतीरी गेला. सुमारे १२० किलोमीटरची ही वाटचाल त्याने महिन्याभरात पुरी केली व तो मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. एवढ्या प्रवासात त्याने एकाही माणसाला इजा केली नाही.

डोंगर, लोहमार्ग आणि खाडी पार करणारा हा बिबट्या अखेर एका रस्त्यापुढे हरला. डिसेंबर २०११ मध्ये मुंबईजवळील महामार्ग ओलांडताना एका वाहनाने त्याला धडक दिली आणि त्यात त्याचा अंत झाला. कातडीखाली घातलेल्या बारीक चिपवरून तो आजोबाच असल्याची ओळख पटली.

बिबट्यासारखा चपळ प्राणी वाहनाखाली कसा सापडतो, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर त्याच्या डोळ्यांत आहे. बिबट्याच्या डोळ्यांत मागील बाजूस आरशासारखा एक थर असतो. त्यामुळे अगदी अंधुक उजेडातही त्याला दिसते; परंतु वाहनाचा प्रखर दिवा एकदम समोर आला की तेच डोळे दिपतात आणि प्राणी जागच्या जागी खिळून उभा राहतो. रुंद रस्त्याच्या मधोमध दुभाजकाची भिंत असते. अर्धा रस्ता ओलांडून आलेला प्राणी तेथे अडतो व गोंधळून मागे फिरतो.

लहान जीवांची गत याहून वाईट होते. रात्री डांबर ऊबदार राहते, म्हणून साप त्यावर येऊन पडतात. पहिल्या पावसात बेडूक अंडी घालण्यासाठी डबक्यांकडे निघतात आणि वाटेतील रस्त्यावर शेकडोंनी चिरडले जातात. मेलेला जीव खाण्यासाठी कावळे, घारी व मुंगूस येतात, तर पुष्कळदा त्यांच्यावरही तोच प्रसंग ओढवतो. प्रवाशांनी फेकलेल्या खाद्यपदार्थांच्या आशेने माकडे रस्त्याच्या कडेला येऊन बसतात. यांपैकी कोणाच्या मरणाची वार्ता वर्तमानपत्रांत येत नाही.

वाट चुकलेला प्राणी पुष्कळदा वस्तीतही शिरतो. २०२४ साली एक बिबट्या वसईच्या किल्ल्यात येऊन राहिला होता. भोवतालचे रहिवासी भयभीत झाले. अनेक दिवसांच्या प्रयत्नांनंतर, एप्रिल महिन्यात, वन विभागाने त्याला पिंजऱ्यात पकडले. वनचरांची वाट मोडली की तिची झळ माणसालाही लागते.

मग रस्ते बांधूच नयेत काय? तसे मुळीच नाही. नागपूरहून मध्य प्रदेशाकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या व्याघ्र प्रकल्पाच्या रानातून जातो. तो रुंद करावयाचा ठरला, तेव्हा निसर्गप्रेमी नागरिक न्यायालयात गेले. पुढे महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी प्राण्यांना खालून जाता येईल अशी रचना करण्यात आली. त्यांपैकी एका ठिकाणी तर सुमारे ७५० मीटर लांबीचा रस्ता खांबांवर उचलून धरला आहे. २०१९ साली तेथे बसविलेल्या कॅमेऱ्यांत १८ जातींचे वन्य प्राणी रस्त्याखालून ये-जा करताना टिपले गेले. वाघही त्यांत होते. वरून वाहने धावत होती आणि खालून वाघ आपल्या वाटेने चालला होता!

असा मार्ग बांधण्यास खर्च अधिक येतो व आधी प्राण्यांच्या वाटा शोधाव्या लागतात. वाहन चालविणाऱ्याने मात्र रानाजवळ, विशेषतः रात्री, वेग आवरला, तर त्याला एक पैही पडत नाही. खाद्यपदार्थ रस्त्यावर न टाकणे आणि जखमी प्राणी दिसताच त्याला न छेडता वन विभागास कळविणे, एवढे तर शाळकरी मुलालाही साधेल. आजोबाला नकाशा ठाऊक नव्हता. त्याला केवळ आपली वाट ठाऊक होती. नकाशा माणसाच्या हाती आहे. त्यावर नवा रस्ता आखताना वनचरांच्या वाटेसाठी जागा राखणे हे माणसाचेच काम आहे.

स्वाध्याय

१. वनातील प्राण्यांना एका रानातून दुसऱ्या रानात का जावे लागते? तीन कारणे लिहा.
२. आजोबाने वाटेत कोणकोणते अडथळे पार केले?
३. ‘जो रस्ता माणसांना जोडतो, तोच वनचरांची ताटातूट करतो.’ हे विधान स्पष्ट करा.
४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : ताटातूट, ठावठिकाणा, पैलतीर, झळ लागणे.
५. तुमच्या गावाजवळील रस्त्यावर कोणते प्राणी व पक्षी दिसतात, याचे आठवडाभर निरीक्षण करून दहा ओळी लिहा.