लॅपटॉप अकस्मात मुका झाल्यास

इंग्रजीच्या श्रवणपाठासाठी मुले सावरून बसावीत, लॅपटॉपवर ध्वनिफीत लावली जावी, पडद्यावर चित्रे हलू लागावीत आणि आवाज मात्र मुळीच उमटू नये, असा प्रसंग आता अनेक शाळांतून येतो. कालपर्यंत व्यवस्थित बोलणारे यंत्र आज मुके होते. अशा वेळी घाईने जे उपाय योजिले जातात त्यांपैकी पुष्कळसे अनावश्यक असतात व काही तर हानिकारक ठरतात. यंत्र तालुक्याच्या गावी दुरुस्तीस जाते. तेथे ते ‘फॉरमॅट’ केले जाते, म्हणजे आतील सामग्री पुसून कार्यप्रणाली नव्याने बसविली जाते. मुलांच्या प्रकटवाचनाच्या ध्वनिफिती, छायाचित्रे व वर्षभराच्या प्रश्नपत्रिका त्यात नाहीशा होतात. दोष एखाद्या कळीपुरता होता, हे पुष्कळदा नंतर कळते.

दोष शोधावयाचा तर आवाज कोणत्या वाटेने बाहेर पडतो हे प्रथम ध्यानी घ्यावे. लॅपटॉपमधील ध्वनिफीत म्हणजे वास्तविक आकड्यांची लांबच लांब ओळ होय. ध्वनिलहरीची उंची दर सेकंदास हजारो वेळा मोजून ती आकड्यांत नोंदलेली असते. संगीताच्या सीडीवर ही मोजणी सेकंदास ४४,१०० वेळा केलेली असते. ध्वनिफीत वाजविणारा प्रोग्रॅम हे आकडे कार्यप्रणालीच्या स्वाधीन करितो. ते कोणत्या साधनाकडे धाडावयाचे हे कार्यप्रणाली ठरविते. ‘ड्रायव्हर’ नामक दुभाषा ते ध्वनीच्या चिपेपर्यंत पोचवितो. तेथे आकड्यांचे रूपांतर कमीअधिक होणाऱ्या विजेत होते, आणि त्या विजेने स्पीकरचा पडदा थरथरतो. या वाटेवर कोठेही खंड पडला तरी परिणाम एकच, तो म्हणजे शांतता. सबब नुसत्या शांततेवरून दोषाचे स्थान कळत नाही. वाट क्रमाने तपासावी लागते. तपासताना एका वेळी एकच बदल करावा व लगेच आवाज ऐकून पाहावा. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि आवाज परत आला, तर गुण कशाने आला हे कळत नाही आणि पुढील वेळी तोच घोळ पुन्हा घालावा लागतो.

आरंभी दुसरी एखादी ध्वनिफीत, शक्य तर दुसऱ्या प्रोग्रॅममधून, वाजवून पाहावी. ती ऐकू आली तर यंत्र निर्दोष आहे. पहिल्या प्रोग्रॅमचाच आवाज मिटलेला आहे. विंडोजमध्ये ‘व्हॉल्यूम मिक्सर’ या ठिकाणी प्रत्येक प्रोग्रॅमचा आवाज स्वतंत्रपणे कमीअधिक करता येतो, आणि ब्राउझरमधील एकेक टॅबही मुका करता येतो. दुसरी फीतही ऐकू न आल्यास कळफलकाच्या सर्वांत वरच्या ओळीकडे पाहावे. तेथे स्पीकरवर काट मारलेले चित्र असलेली कळ असते. वर्गात लॅपटॉप हातोहाती फिरत असता ती दाबली जाणे अगदी साहजिक आहे.

यानंतरचे कारण शाळांतून विशेषेकरून आढळते. प्रोजेक्टर किंवा दूरचित्रवाणी संच लॅपटॉपला जोडण्याची जुनी व्हीजीए पद्धती १९८७ सालची. तिच्या तारेतून केवळ चित्र जाते. एचडीएमआय तारेतून चित्र व ध्वनी दोन्ही जातात. ही तार जोडताच विंडोज बहुधा असे गृहीत धरते की, आवाजही त्या संचातूनच काढावयाचा आहे. आता प्रोजेक्टरला स्पीकरच नसेल, अथवा संचाचा आवाज मिटलेला असेल, तर लॅपटॉप आकडे इमानाने धाडीत राहतो आणि वर्गाला काहीच ऐकू येत नाही. एखादे वेळी तार काढल्यावरही निवड जुनीच राहते. ब्लूटूथ स्पीकरचेही असेच आहे. तो शेजारच्या खोलीत चालू असला तर आवाज तिकडे निघत असतो आणि इकडे लॅपटॉप बिघडला अशी समजूत होते. ‘सेटिंग्ज’ उघडून ‘सिस्टिम’ व त्यात ‘साउंड’ येथे गेल्यास ध्वनिसाधनांची यादी दिसते. तीत लॅपटॉपचे स्वतःचे स्पीकर निवडले की काम होते.

हेडफोनच्या छिद्राकडेही दुर्लक्ष करू नये. त्यात खुंटी शिरल्याचे यंत्राला आपोआप कळते व ते स्पीकर बंद करिते. छिद्रात खडूची भुकटी वा ओलावा साचला तर खुंटी नसतानाही ती आहे असा यंत्राचा समज होऊ शकतो. हेडफोनची खुंटी चारपाच वेळा आतबाहेर करावी. सुई वा टाचणी मात्र कदापि घालू नये. हीच वेळ हेडफोन लावून ऐकण्याचीही आहे. त्यातून आवाज आला तर प्रोग्रॅमपासून चिपेपर्यंतची वाट शाबूत आहे आणि दोष स्पीकर वा छिद्र यांच्यापाशी आहे, इतके निश्चित होते.

त्यातूनही आवाज न आल्यास यंत्र ‘रीस्टार्ट’ करावे. ‘शट डाउन’ करून पुन्हा सुरू करणे म्हणजे तेच, असे अनेकांस वाटते. परंतु ते खरे नव्हे. २०१२ च्या विंडोज ८ पासून, लवकर सुरू व्हावे म्हणून, यंत्र बंद होताना कार्यप्रणालीच्या गाभ्याची स्थिती जपून ठेवण्याची सोय आहे. त्यामुळे अडकलेला ड्रायव्हर दुसऱ्या दिवशीही अडकलेलाच राहू शकतो. ‘रीस्टार्ट’मध्ये सर्व काही नव्याने सुरू होते.

आवाज जाण्यापूर्वी नुकतेच अपडेट झाले असेल तर ड्रायव्हरवर संशय घ्यावा. ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ध्वनिसाधनाच्या नावाशी पिवळे चिन्ह दिसते काय ते पाहावे. ‘रोल बॅक ड्रायव्हर’ ही कळ उपलब्ध असल्यास पूर्वीचा ड्रायव्हर परत आणता येतो. ड्रायव्हर हवाच असल्यास तो लॅपटॉप बनविणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. ड्रायव्हर शोधून देणारी फुकट साधने पुष्कळ आढळतात, त्यांपासून दूर राहणे बरे.

आवाज जाण्याने सर्वांची अडचण सारखी होत नाही. दृष्टिहीन विद्यार्थी वा शिक्षक पडदा-वाचकाच्या साहाय्याने लॅपटॉप वापरतात. स्वतः दृष्टिहीन असलेले मायकेल करन यांनी २००६ साली ऑस्ट्रेलियात आरंभिलेला ‘एनव्हीडीए’ हा असा एक विनामूल्य पडदा-वाचक होय. ध्वनी गेला की या मंडळींचा पडदाच विझतो, आणि वर सांगितलेल्या याद्या उघडण्याचे साधनही हातचे जाते. विंडोज, कंट्रोल व एंटर या तीन कळा एकत्र दाबल्यास विंडोज १० व ११ मधील ‘नॅरेटर’ बोलू लागतो. तो ऐकू आला तर पडदा-वाचकच तेवढा बंद पडला आहे, अथवा त्याच्या स्वतःच्या मांडणीत निराळे ध्वनिसाधन निवडले गेले आहे, असे समजावे. तोही गप्प राहिला तर शेजारच्या डोळस व्यक्तीने तत्काळ ध्वनिसाधनांची यादी तपासून द्यावी. या विद्यार्थ्याचे काम पुढच्या तासावर ढकलता येत नाही.

इतके करूनही आवाज न आल्यास एक निर्णायक कसोटी उरते. उबंटूसारखी लिनक्स कार्यप्रणाली पेनड्राइव्हवर घालून, ती लॅपटॉपमध्ये न बसविता, ‘ट्राय’ हा पर्याय निवडून यंत्र त्यावरून चालवून पाहावे. तेथे आवाज आला तर यंत्राचे सुटे भाग ठीक असून दोष विंडोजमध्ये आहे. तेथेही न आल्यास दोष बहुधा भागांत आहे, आणि ‘फॉरमॅट’ करून काही साधण्याचा संभव थोडा. दुरुस्तीस देण्यापूर्वी सामग्रीची प्रत दुसरीकडे काढून घ्यावी. यंत्रासोबत एक चिठ्ठी द्यावी: आवाज केव्हापासून गेला, हेडफोनमधून येतो की नाही, लिनक्सवर काय आढळले, आणि विचारल्यावाचून काहीही पुसू नये.