विणलेल्या स्वेटरवरील भरतकाम
सुती कापड फारसे ताणले जात नाही. विणलेला स्वेटर मात्र अंगाबरोबर ताणला जातो. त्यावरील भरताचा धागा आवळल्यास वीण गोळा होते आणि स्वेटर घालताना धागा तुटतो. म्हणून साध्या सुलट विणीवर विणीच्याच वाटेने जाणारा टाका घालावा.

बोथट टोकाच्या सुईत मूळ लोकरीच्याच जाडीची, पक्क्या रंगाची लोकर ओवावी. सुलट टाका इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा दिसतो. त्याच्या तळातून सुई वर काढावी, वरच्या टाक्याच्या दोन्ही पायांमागून आडवी न्यावी व पुन्हा त्याच तळात उतरवावी. मूळ टाका झाकला जाईल इतकीच लोकर ओढावी. शेवटी गाठ न मारता टोके मागील बाजूस विणीत गुंतवावीत.

विणीचा टाका उंचीपेक्षा रुंद असतो. त्यामुळे चौकटीच्या कागदावरील फूल स्वेटरवर बसके दिसते. नक्षी थोडी उंच आखावी.

कोपराजवळची वीण विरू लागताच, भोक पडण्यापूर्वी, हाच टाका घातल्यास ती भक्कम होते. शाळेत हस्तकलेच्या तासाला किंवा गावातील महिला बचत गटात हे शिकविल्यास थोरल्याचा स्वेटर धाकट्याच्या अंगावर आणखी एक हिवाळा काढील.