मागेल त्याला काम

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर जो मेघ मुक्तहस्ताने जलवर्षाव करतो, तोच घाट ओलांडून पूर्वेकडे येईतो रिता झालेला असतो. म्हणूनच माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला या तालुक्यांची गणना पर्जन्यछायेच्या प्रदेशात होते. येथे पेरणी ही एक प्रकारची पैजच असते. पाऊस आला तर ज्वारी-बाजरी घरात येते. न आला तर शेतकऱ्याचे नुकसान होते. परंतु त्याहूनही बिकट अवस्था होते ती दुसऱ्याच्या शेतावर राबणाऱ्या मजुराची. शेतकऱ्याजवळ निदान जमिनीचा तुकडा तरी असतो. मजुराजवळ दोन हातांखेरीज काहीच नसते, आणि शिवार ओस पडले की त्या हातांना कोणी विचारीत नाही.

अशा वेळी सरकारने काय करावे, हा प्रश्न फार जुना आहे. इंग्रजी अमदानीत १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर या बाबतीत नियम घालून देण्यात आले. पिकाची आणेवारी पाहावी, ती ठरावीक मर्यादेखाली आली तर दुष्काळ जाहीर करावा, मग रस्त्यांची, खडी फोडण्याची कामे काढावीत आणि येतील त्यांना मजुरी द्यावी, अशी ती पद्धत होती. या पद्धतीने अनेकांचे प्राण वाचले, हे मान्य केले पाहिजे. तथापि तीत एक मोठे न्यून होते. काम केव्हा सुरू व्हावयाचे, हे कचेरीत ठरे. ज्याच्या घरी चूल पेटली नव्हती, त्याने मात्र त्या निर्णयाची वाट पाहत बसावयाचे. शिवाय चांगल्या वर्षीदेखील सुगी संपल्यावर मृग नक्षत्र लागेपर्यंत मजुराला काम नसते. त्या दिवसांची काळजी या नियमांत कोठेच नव्हती.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात, राज्याने आपल्या शक्तीनुसार नागरिकांना काम मिळण्याचा हक्क उपलब्ध करून द्यावा, असे तत्त्व नमूद झाले. परंतु ते मार्गदर्शक तत्त्व होते; त्याच्या आधारे न्यायालयात दाद मागता येत नव्हती. तत्त्वाला व्यवहाराचे पाय फुटावयाचे, तर कोणा तरी एका राज्याने पुढाकार घेणे आवश्यक होते.

तो पुढाकार महाराष्ट्राने घेतला. सांगली जिल्ह्यातील विठ्ठल सखाराम पागे हे १९६० पासून १९७८ पर्यंत विधान परिषदेचे सभापती होते. ग्रामीण जीवनाची त्यांना जवळून माहिती होती. एकीकडे हात रिकामे आहेत आणि दुसरीकडे बांधबंदिस्तीवाचून माती वाहून जात आहे, ही विसंगती त्यांच्या मनाला बोचत होती. १९६५ च्या सुमारास त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना पत्र लिहून आपली कल्पना कळविली, आणि तासगाव तालुक्यातील काही गावांत तिचा प्रयोगही झाला.

पुढे १९७२ साल उजाडले. त्या वर्षी १ मे रोजी, महाराष्ट्र दिनी, रोजगार हमी योजनेचा आरंभ झाला न झाला तोच राज्यावर भीषण दुष्काळ कोसळला. विहिरी आटल्या, गुरे चाऱ्यावाचून तडफडू लागली. शिधावाटपाच्या दुकानांतून मिलो नावाची परदेशी लाल ज्वारी मिळू लागली; कामावरच्या मजुरांना सुकडी वाटली जाई. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे राबत होती. हे सारे शांतपणे मिळाले, असे मात्र कोणी समजू नये. काम द्या, वेळेवर मजुरी द्या, म्हणून कष्टकऱ्यांच्या संघटनांनी ठिकठिकाणी मोर्चे काढले, आणि त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. राजधानीतील निर्णयांना गावच्या रस्त्यावरून असाही धक्का द्यावा लागतो.

दुष्काळ ओसरल्यावर योजना पुन्हा सुरू झाली. १९७७ मध्ये विधिमंडळाने तिला कायद्याचे रूप दिले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. त्याचे मर्म थोडक्यात असे : ग्रामीण भागातील कोणाही प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितले, तर पंधरा दिवसांच्या आत ते देणे सरकारवर बंधनकारक; न दिल्यास बेकारी भत्ता द्यावयाचा. वर्षातून किती दिवस काम द्यावयाचे, याला मर्यादाच घातली नव्हती. आता दुष्काळ जाहीर होण्याची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. मजुराचा अर्ज हीच कामाची वर्दी ठरली.

कामे काढली जात ती पाझर तलावांची, नालाबंडिंगची, बांधबंदिस्तीची आणि रस्त्यांची. खर्चापैकी किमान साठ टक्के रक्कम अकुशल मजुरीवर खर्च व्हावी, असा दंडक होता; नाहीतर यंत्रे आणि कंत्राटदार यांच्यातच पैसा मुरला असता. मजुरी मोजमापावर मिळे, आणि सारख्या मापाला स्त्री-पुरुषांना सारखाच दर असे. शेतावर पुरुषापेक्षा कमी मजुरी घेण्याची सवय झालेल्या स्त्रियांना ही गोष्ट केवढी मोलाची वाटली असेल!

या सर्वासाठी पैसा कोठून आला, हे पाहणेही तितकेच महत्त्वाचे आहे. १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कर बसविला. मुंबईच्या पेढीवरील कारकून, गिरणीतील पगारदार, वकील, डॉक्टर यांनी तो भरावयाचा आणि त्यातून माणदेशातील मजुराला काम मिळावयाचे, अशी ती व्यवस्था होती. करांतून जेवढी रक्कम येई, तेवढीच भर सरकारने आपल्याकडून घालावयाची होती. ज्या शहरी माणसाने पाझर तलाव कधी पाहिलाही नसेल, त्याच्या पगारातून त्या तलावाची माती उचलली गेली.

योजनेत दोष शिरले नाहीत, असे नाही. खोटी नावे लिहिलेले हजेरीपट सापडले, मजुरी आठवडे न् आठवडे रखडली, काही रस्ते पुढच्याच पावसात वाहून गेले. कित्येकदा करांतून जमा झालेला सगळा निधी खर्चही पडला नाही. लोकांजवळून कामाच्या नावाने घेतलेला पैसा पडून राहावा आणि त्याच वेळी कोणी कामावाचून बसावे, याचे समर्थन करता येणार नाही. दुसरीकडे १९९० पासून योजनेला फळबाग लागवडीची जोड मिळाली, आणि सोलापूरसारख्या कोरड्या जिल्ह्यात डाळिंब व बोरे यांच्या बागा फुलल्या.

एका राज्याने केलेला हा कायदा साऱ्या देशाच्या दृष्टीसमोर होता. २००५ मध्ये संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा संमत केला, तेव्हा पंधरा दिवसांची मुदत, बेकारी भत्ता, साठ टक्के मजुरीचा दंडक या गोष्टी त्यात आल्या. २ फेब्रुवारी २००६ रोजी तो २०० जिल्ह्यांत आणि १ एप्रिल २००८ पासून उर्वरित ग्रामीण भारतात लागू झाला. एक फरक मात्र होता. राष्ट्रीय कायद्याची हमी दर कुटुंबाला वर्षाकाठी शंभर दिवसांपुरती होती. त्यापुढील दिवसांच्या कामाचा भार महाराष्ट्राने आपल्याच तिजोरीवर घेतला.