एका कोळ्याचे बारसे

'वर्णन' हा शब्द आपणा कला शाखेच्या विद्यार्थ्यांच्या फार ओळखीचा आहे. शाळेत असल्यापासून आपण पावसाळ्याचे वर्णन करतो, जत्रेचे करतो, सूर्योदय न पाहताही सूर्योदयाचे करतो. विशेषणे वाढली की गुण वाढतात, अशी आपली समजूत. प्राणिशास्त्रातही हाच शब्द आहे. पण तेथे त्याला दस्तऐवजाचे वजन आहे. एखादा प्राणी शेकडो लोकांनी रोज पाहिला असेल, तरी त्याचे नियमानुसार वर्णन छापले जाईपर्यंत विज्ञानाच्या दप्तरी त्याची नोंद होत नाही. हे वर्णन कसे करतात, ते मादागास्कर बेटावरील एका कोळ्याच्या उदाहरणावरून पाहू.

मादागास्कर हे आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यापासून सुमारे चारशे किलोमीटरवर असलेले प्रचंड बेट. आपल्या भारतभूमीशी ते एके काळी जोडलेले होते. ही ताटातूट सुमारे पावणेनऊ कोटी वर्षांपूर्वीची. बेटाच्या पूर्व अंगाला सदाहरित पर्जन्यवने आहेत आणि त्यांत अंदासिबे-मांतादिया हे राष्ट्रीय उद्यान आहे. तेथील ओढ्यांवर आणि नद्यांवर एक कोळी जाळे बांधतो. बांधतो म्हणण्यापेक्षा बांधते म्हणावे, कारण हे काम मादीचे. तिचे शरीर जेमतेम दोन सेंटिमीटरचे; पण तिच्या जाळ्याचा आधारधागा या तीरापासून त्या तीरापर्यंत २५ मीटर लांब भरलेला आहे आणि जाळ्याचे चक्र २.८ चौरस मीटरपर्यंत, म्हणजे दोन माणसांच्या पलंगाएवढे!

पोहता न येणारा हा जीव नदी ओलांडतो कसा? तो ओलांडतच नाही. काठावरच्या झुडपावर बसून मादी रेशमाचा भरपूर झोत वाऱ्यावर सोडते. तो वाहत जाऊन पलीकडच्या फांदीला कोठेतरी अडकला की पूल तयार झाला. मग त्यावर येजा करून ती तो बळकट करते आणि त्याच्या खाली चक्र विणते. एवढा खटाटोप कशासाठी? तर पाण्यावर मेफ्लाय नावाचे अल्पायुषी कीटक थव्याथव्याने उडतात. एका जाळ्यात असे ३२ कीटक एकाच वेळी गुंडाळून ठेवलेले आढळले आहेत. नदीच्या मध्यावरची ही शिकारीची जागा दुसऱ्या कोणत्याही कोळ्याच्या आवाक्यात नव्हती.

आता कोणी म्हणेल, झाले की वर्णन! 'नदीवर महाकाय जाळे बांधणारा कोळी' एवढे सांगितले की ओळख पटली. परंतु अडचण नेमकी येथेच आहे, आणि ती समजण्यासाठी प्राणिशास्त्रापेक्षा आपल्या तर्कशास्त्राच्या तासाची आठवण अधिक उपयोगी पडते.

गाईचे लक्षण सांगताना आपल्याला तीन दोष शिकवलेले असतात. 'शिंगे असलेली ती गाय' म्हटले तर म्हैसही त्यात येते, ही अतिव्याप्ती. 'तांबूस ती गाय' म्हटले तर पांढरी गाय सुटते, ही अव्याप्ती. 'एका अखंड खुराची ती गाय' म्हटले तर एकही गाय सापडणार नाही, हा असंभव. गळ्याखालची लोंबती पोळी हे मात्र सर्व गाईंना असणारे आणि गाईखेरीज इतरांना नसणारे, म्हणून ते खरे लक्षण. (झेबू बैलाचे काय, हा वर्गातला प्रश्न येथे सोडून देऊ.)

हीच कसोटी आपल्या कोळ्याला लावून पाहा. 'नदीवर जाळे बांधतो' हे लक्षण अव्याप्त आहे, कारण प्रौढ नर असे जाळे विणतच नाही. शिवाय मद्यार्कात ठेवलेल्या मेलेल्या कोळ्याबरोबर त्याची नदी येत नाही. बरे, रंग आणि आकार घ्यावा, तर त्याचे कूळ झाडाच्या सालीसारखे दिसणाऱ्या कोळ्यांचे. अंगावर उंचवटे, करडा-तपकिरी रंग, फांदीला चिकटून बसले की दिसेनासे व्हावे अशी ठेवण. आणि एकाच जातीच्या दोन माद्या एकमेकींसारख्या असतीलच असे नाही. या वंशाचे नाव सीरोस्ट्रिस. त्यातील पहिल्या जातीचे वर्णन १७९३ साली फाब्रिसियसने केले. पुढे अनेकांनी रंगरूप पाहून नावे दिली. १९८४ मध्ये मानफ्रेड ग्रासहॉफ या जर्मन अभ्यासकाने सगळे नमुने पुन्हा तपासले, तेव्हा अनेक नावे एकाच प्राण्याला दिली गेल्याचे दिसून आले आणि शेवटी ११ जाती उरल्या. विशेषणांवर भिस्त ठेवल्याचा हा परिणाम!

म्हणून कोळ्यांचे अभ्यासक जननेंद्रियांकडे वळतात. मादीच्या पोटाखाली एक कठीण पट्टिका असते. नराच्या तोंडाजवळच्या दोन छोट्या उपांगांची टोके फुगीर आणि गुंतागुंतीची असतात. त्यांची घडण जातीगणिक वेगळी असते. सूक्ष्मदर्शकाखाली तिची रेखाचित्रे काढतात, पायांची मापे मिलिमीटरमध्ये देतात, आणि शेवटी ही जाती तिच्या भावंडांहून नेमकी कशात वेगळी, ते मोजक्या ओळींत लिहितात. त्या मोजक्या ओळी म्हणजे आपले लक्षण. नव्या जातीचा डोलारा त्यांच्यावर उभा असतो. नर तर मादीच्या मानाने इतका लहान, की दोघांना एकाच जातीत घालतानाही पुरावा द्यावा लागतो.

स्लोव्हेनियाचे मात्याझ कुंटनर आणि त्यांचे सहकारी इंगी अग्नार्सन यांनी हे काम केले आणि २०१० साली ते 'जर्नल ऑफ अॅरॅक्नॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नाव ठेवले सीरोस्ट्रिस डार्विनी. डार्विनच्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' या ग्रंथाला १५० वर्षे पूर्ण झाली, त्या २४ नोव्हेंबर २००९ या दिवशी हे वर्णन सिद्ध केले होते. व्याकरणाची आवड असणाऱ्यांनी शेवटच्या ईकाराकडे लक्ष द्यावे. ती लॅटिनची षष्ठी आहे. 'डार्विनी' म्हणजे 'डार्विनचा'. २०१५ मध्ये याच वंशातील आणखी काही नव्या जाती वर्णिल्या गेल्या, त्यांत एक 'वॉलेसी' आहे. सिद्धांताचे दोघे जनक असे एकाच घराण्यात नांदू लागले!

या बारशाची एक बाजू मला अस्वस्थ करते. नाव हे वर्णनाला नव्हे, तर एका विशिष्ट देहाला बांधलेले असते. त्याला होलोटाइप म्हणतात. ज्या एका कोळ्यावरून जाती ठरली, तो संग्रहालयातल्या बाटलीत चिठ्ठीसह कायम राहतो, आणि पुढे वाद झाला तर त्यालाच साक्षीला बोलावतात. जातीची नोंद व्हावी म्हणून एका व्यक्तीने मरावयाचे, असा हा व्यवहार. परंतु मादागास्करमध्ये भातासाठी जंगल तोडून जाळण्याची, आपल्याकडील कुमरीसारखी, 'तावी' नावाची शेती चालते. शिवाय कोळशासाठी आणि लाकडासाठीही वने गेली. ज्याचे नावच नाही, त्याच्यासाठी संरक्षण कोणत्या शब्दांत मागणार? हे लक्षात घेतले की त्या बाटलीवरचा राग थोडा कमी होतो. सगळा जात नाही.

वर्णन झाल्यानेच पुढचे प्रश्न विचारता आले, हेही खरे. या कोळ्याचा धागा तुटण्यापूर्वी किती ऊर्जा पचवतो, हे त्याच वर्षी अग्नार्सन, कुंटनर आणि अमेरिकेतील टॉड ब्लॅकलेज यांनी मोजले. सरासरी दर घनमीटरला ३५० मेगाज्यूल, आणि काही धाग्यांत ५२० पर्यंत! तोवर माहीत असलेल्या कोणत्याही कोळ्याच्या रेशमाच्या दुपटीहून, आणि गोळीरोधक चिलखतांच्या केव्हलारच्या दहापटीहून हा चिवटपणा अधिक आहे. नदीवरच्या पुलाला तो लागणारच.

कोळ्यांच्या नावांचा एक जुना मान जाता जाता सांगतो. प्राण्यांची शास्त्रीय नावे लिनियसच्या १७५८ च्या ग्रंथापासून ग्राह्य धरतात. त्याआधीचे काही चालत नाही. अपवाद फक्त एक, स्वीडनच्या क्लर्क यांचे १७५७ चे कोळ्यांवरील पुस्तक. तेथून निघालेली यादी २०२२ मध्ये ५०,००० जातींच्या पुढे गेली.

त्या यादीत आपलाही एक आहे. साल-कोळ्यांची एक जाती भारतातही आढळते. तिला स्ट्रँड यांनी १९१५ साली नाव दिले, सीरोस्ट्रिस सुमात्राना, म्हणजे 'सुमात्राचा'. ती भारतापासून चीन आणि बोर्निओपर्यंत पसरलेली आहे, म्हणजे लक्षण म्हणून हे नाव सपशेल अव्याप्त. परंतु एकदा रीतसर ठेवलेले नाव केवळ समर्पक नाही म्हणून बदलता येत नाही, असा नियम आहे. तेव्हा भारताच्या रानात जन्मून तेथेच मरणारा हा कोळी कागदोपत्री सुमात्राचाच राहणार.