सुट्या भागांची जुळणी : घरी जोडायच्या पहिल्या संगणकाचा अभ्यास

इतिहास शिकविणाऱ्या शिक्षकाने संगणकाच्या सुट्या भागांवर लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. त्यास एक प्रसंग कारणीभूत आहे. दोन-तीन वर्षांपूर्वी आमचा एक माजी विद्यार्थी दोन खोकी घेऊन शाळेत आला. वडील तारापूर औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार. मुलाने सुट्टीत काम करून आणि वडिलांनी उचल घेऊन पैसे जमविले होते. आधुनिक गेम चालतील असा संगणक त्याला स्वतःच्या हातांनी जोडायचा होता. परंतु मदरबोर्ड डीडीआर ५ रॅमचा आणि आणलेली रॅम डीडीआर ४ ची. खाच काही जुळेना.

"दुकानात विचारले का नाहीस?" असे आम्ही म्हटले, तेव्हा तो म्हणाला, "सर, ते भराभर बोलत होते. मला कळत नाही हे दिसू नये, म्हणून मी मान डोलावली."

फोडलेले खोके परत घेतले गेले नाही. रॅम निम्म्या किमतीत विकावी लागली. त्याच्या उत्तराने आम्ही अस्वस्थ झालो, कारण त्या खोक्यांवरचे आम्हांलाही काही वाचता येत नव्हते. पुढे आम्ही दोघांनी मिळून जो अभ्यास केला, तो विद्यार्थी व पालकांसाठी येथे मांडीत आहोत.

थोडा इतिहास

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक जाहीर केला. त्याचा प्रोसेसर इंटेलचा आणि कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची होती. आयबीएमने त्याची तांत्रिक माहितीही प्रसिद्ध केली. त्यामुळे इतर कंपन्या त्याच्याशी जुळणारे भाग व संगणक बनवू लागल्या. पुढे १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे मदरबोर्डच्या मापांचे मानक आणले. निरनिराळ्या कारखान्यांतील भाग आज आपल्या टेबलावर एकत्र येतात, ते अशा मानकांमुळे. मात्र मानके बदलत राहतात. जुन्या व नव्या मानकांचे भाग एकाच दुकानात शेजारी-शेजारी ठेवलेले असतात, आणि नवखा माणूस नेमका तेथेच फसतो.

निवडीचा क्रम

पहिला प्रश्न : काम कोणते? कोणते गेम, कोणत्या पडद्यावर? ६० हर्ट्‌झचा साधा मॉनिटर असेल, तर सेकंदाला १४४ चित्रे काढणाऱ्या महाग ग्राफिक्स कार्डाचा पुरेपूर उपयोग होत नाही.

दुसरा : प्रोसेसर आणि सॉकेट. ज्या खाचेत प्रोसेसर बसतो ती सॉकेट. एएमडीच्या एएम ४ सॉकेटवर डीडीआर ४ रॅम चालते, तर २०२२ मध्ये आलेल्या एएम ५ वर केवळ डीडीआर ५. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या व चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांना एलजीए १७०० सॉकेट लागते. त्यावर दोन्ही प्रकारची रॅम चालू शकते, परंतु कोणती चालेल हे मदरबोर्ड ठरवितो. सॉकेट जुळले म्हणजे सर्व जुळले असेही नाही. बी ४५० सारख्या जुन्या मदरबोर्डवर रायझेन ५ ५६०० बसतो, पण बोर्डातील बायोस जुना असेल तर ओळखला जात नाही. "बायोस अद्ययावत आहे का?" हे पैसे देण्यापूर्वीच विचारावे.

तिसरा : रॅम. १६ जीबीची एक पट्टी घेण्याऐवजी ८ जीबीच्या एकसारख्या दोन घ्याव्यात. दोन मार्गांनी माहिती ये-जा करते व वेग वाढतो. पट्टी बसत नसेल तर जोर लावू नये. खाच वेगळी असणे हीच सूचना होय.

चौथा : ग्राफिक्स कार्ड. ते आज परवडत नसेल, तर अंगभूत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्यावा. रायझेन ५ ५६००जी मध्ये ती सोय आहे, ५६०० मध्ये नाही. इंटेलच्या नावापुढे 'एफ' असेल तर तेथेही नाही. एका अक्षरामुळे पडदा काळाच राहतो.

पाचवा : एसएमपीएस, म्हणजे वीज पुरविणारी पेटी. पैसे वाचविण्यासाठी सर्वप्रथम हिच्यावरच कात्री चालते, आणि ते सर्वांत घातक. आरटीएक्स ३०६० कार्डास १७० वॅट लागतात. रायझेन ५ ५६०० वर ६५ वॅट लिहिलेले असते, पण पूर्ण भाराखाली तो त्याहून अधिक घेतो. मदरबोर्ड, पंखे, एसएसडी यांचे आणखी धरावे. बेरीज तीनशेच्या आसपास येते, तरी त्या कार्डासाठी ५५० वॅटची शिफारस आहे. कारण भार क्षणात उसळतो. खोक्यावरील मोठ्या आकड्यास भुलू नये. १२ व्होल्टवर किती वॅट मिळतात, हे पेटीवरील तक्त्यात वाचावे.

सहावा : कॅबिनेट. मदरबोर्डचे माप (एटीएक्स ३०५ गुणिले २४४ मिलिमीटर, मायक्रो एटीएक्स जास्तीत जास्त २४४ गुणिले २४४), कार्डाची लांबी व कूलरची उंची कॅबिनेटच्या मापांशी ताडून पाहावी. कार्यालयांतून बाद झालेला जुना संगणक स्वस्तात घेऊन त्यात कार्ड बसविण्याचा मोह अनेकांना होतो. पुष्कळदा त्याची एसएमपीएस वेगळ्या मापाची आणि कमी शक्तीची असते. कॅबिनेटही अरुंद असते.

आपल्या भागापुरते

१९६९ मध्ये आपल्या तारापूरला देशातील पहिले अणुवीजकेंद्र सुरू झाले. तरीही पावसाळ्यात घरची वीज अनेकदा जाते-येते. म्हणून अर्थिंग तपासून घ्यावे आणि यूपीएससाठी आरंभीच पैसे बाजूला ठेवावेत. किनाऱ्यावरील खारी, दमट हवा धातूस गंज आणते. संगणक खिडकीशी ठेवू नये, आतील धूळ वेळोवेळी काढावी.

खरेदीसाठी येथील मुले मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जातात. डॉ. भडकमकर मार्ग हे त्याचे आजचे नाव. जवळचे स्थानक ग्रँट रोड. बोईसरहून हे अंतर सुमारे शंभर किलोमीटर. चुकीचा भाग बदलायचा म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. म्हणून यादी घरीच पक्की करावी. प्रत्येक भागापुढे पूर्ण मॉडेल क्रमांक, सॉकेट, रॅमचा प्रकार, वॅट आणि मापे लिहावीत. मदरबोर्ड बनविणाऱ्या कंपनीची चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी पाहावी. अनुक्रमांक लिहिलेले पक्के बिल घ्यावे.

समारोप

आमच्या विद्यार्थ्याने दुसऱ्या खेपेस असा कागद नेला होता. दुकानदार भराभर बोलू लागला, तेव्हा त्याने म्हटले, "जरा सावकाश सांगा, मला लिहून घ्यायचे आहे." दिवाळीच्या सुट्टीत शाळेतील एका टेबलावर संगणक जोडला गेला. प्रथम पडदा काळाच राहिला. मॉनिटरची केबल आम्ही ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डला लावली होती. ती बदलताच पडदा उजळला. आज त्या संगणकावर तो खेळतो, आणि धाकट्या बहिणीचा अभ्यासही त्यावरच होतो.

विद्यार्थी मित्रहो, न कळणे ही लाज नव्हे. न कळता मान डोलावल्याची किंमत मात्र घरातील कष्टाच्या पैशाने मोजावी लागते.

स्वाध्याय

१. एएम ४ ऐवजी एएम ५ प्रोसेसर घ्यायचा ठरल्यास कोणते भाग बदलावे लागतील? कोणते तसेच राहू शकतील?

२. आपल्या घरातील वा शाळेतील एका संगणकाच्या एसएमपीएसवरील तक्ता मोठ्यांच्या देखरेखीखाली वाचा व १२ व्होल्टवरील वॅट लिहा.

३. दुकानात विचारावयाचे पाच प्रश्न स्वतःच्या शब्दांत तयार करा.