वृक्षारोपणापूर्वी भूमीची तजवीज

नाशिक जिल्ह्याच्या भूमीविषयी सरसकट एकच विधान करणे धोक्याचे आहे. कारण इगतपुरी व त्र्यंबकेश्वरकडील अतिवृष्टीची डोंगराळ जमीन, निफाडच्या गोदाकाठची खोल काळी जमीन आणि सिन्नर-येवल्याकडील, हातभर खणताच मुरूम लागणारी माळजमीन, या तिन्हींची नोंद एकाच जिल्ह्याच्या दप्तरात होत असली तरी वृक्षाच्या मुळांना त्या सर्वस्वी निरनिराळ्या आहेत. सबब बांधावर किंवा घराच्या आवारात कडुलिंब, करंज, बहावा अथवा जांभूळ लावू इच्छिणाऱ्याने रोपाच्या चौकशीआधी मातीची चौकशी करावी, आणि ती वैशाखातच उरकावी.

खोल खड्डा खणून तो पोयटा, शेणखत, निंबोळी पेंड व सुपर फॉस्फेट यांच्या मिश्रणाने काठोकाठ भरण्याचा रिवाज आपल्याकडे दृढमूल आहे. मुरमाड जमिनीत त्याला आधार आहे, कारण तेथे मुळांना माती अशी मिळतच नाही. परंतु काळ्या भारी जमिनीत हाच रिवाज झाडाच्या मुळावर येतो, हे मी आग्रहाने सांगू इच्छितो. बेसॉल्ट खडकापासून झालेल्या या मातीतील चिकण कण पाण्याने फुगतात आणि मग पाणी अत्यंत मंद गतीने झिरपू देतात. त्यामुळे भुसभुशीत खतमातीने भरलेला खड्डा जमिनीत पुरलेल्या बिनछिद्राच्या कुंडीप्रमाणे वागतो, श्रावणात त्यात पाणी साचून राहते आणि वायूवाचून मुळे कुजतात. जी मुळे तगतात त्यांनाही भोवतालच्या कठीण मातीत शिरण्याचे प्रयोजन उरत नाही, ती खड्ड्यातच गोल फिरत राहतात, आणि पुढे वृक्ष मोठा झाल्यावर एखाद्या वळवाच्या वादळात उन्मळून पडतो. शिवाय शेणखत कुजून आटले की भरावा खचतो व बुंधा जमिनीच्या पातळीखाली जातो.

म्हणून अशा जमिनीत खड्डा मुळांच्या गड्ड्याइतकाच खोल, परंतु त्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद असावा आणि तो निघालेल्या मातीनेच भरावा. शेणखत द्यावयाचे ते भोवतालच्या चार-पाच फूट वर्तुळात दोन इंच थराने पसरून वरच्या सहा-आठ इंच मातीत मिसळावे. कारण वृक्षाची अन्न शोषणारी बहुसंख्य मुळे वरच्या दीड-दोन फुटांतच आडवी पसरतात. खत पूर्ण कुजलेले आहे याची खातरजमा करावी. कच्च्या शेणाबरोबर हुमणीच्या अळ्या येतात. ओल्या मातीत खणताना कुदळीने गुळगुळीत झालेल्या बाजू खरवडून घेण्यात हयगय करू नये. खड्डा पाण्याने भरून ते जिरू द्यावे व तो पुन्हा भरावा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभे दिसले तर तेथे फूटभर उंच व रुंद वरंब्यावर रोप लावावे, अथवा ओल सोसणारा अर्जुन निवडावा.

माती परीक्षणाचा दाखला हाती आल्याखेरीज जिप्सम विकत घेऊ नये. सोडियमचे प्रमाण वाढलेल्या चोपण जमिनीवर ते गुणकारी आहे, मात्र पाण्याच्या निचऱ्याची सोय असली पाहिजे. चुनखडीयुक्त जमिनीत त्याने काही साधत नाही. तेथे सामू चढा असल्याने लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही, कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. उपाय म्हणजे सेंद्रिय द्रव्याचा नित्य पुरवठा आणि तशी जमीन मानवणाऱ्या जातीची निवड. शहरातील नव्या वसाहतींत आवाराखाली बहुधा विटांचे तुकडे, सिमेंटचा राडा व दाबलेला मुरूम असतो. तो उपसून चांगली माती आणावी, आणि तीत शेणखत एक चतुर्थांशाहून अधिक नसावे.

मृगाच्या दोन-तीन सरींनी जमीन खोलवर ओली झाल्यावर लागवड करावी. खोड जेथून मुळांत उतरते तो भाग मातीच्या वर राखून भोवती तीन-चार इंच पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे, पण ते बुंध्याला टेकू देऊ नये. आवारात जुना वड वा चिंच असेल तर बाग सपाट करण्याच्या हौसेने तिच्या मुळांवर मातीची भर घालू नये, बुंध्यापर्यंत फरशी नेऊ नये, आणि गळलेली पाने जाळण्याऐवजी तिच्याच सावलीत पसरून द्यावीत.